पांडुरोग व त्यावरील उपाय

वर्गांत शिकवितांना शिक्षकाची दृष्टि बहुधा दोन प्रकारच्या मुलांकडे जाते. उत्तर देण्यासाठीं हात वर करणाऱ्या मुलांकडे, आणि खोड्या करणाऱ्या मुलांकडे. या दोहोंतहि न मोडणारीं कांहीं मुलें, व विशेषतः मुली, भिंतीस टेकून स्वस्थ बसलेल्या असतात. त्या खोड्या करीत नाहींत, प्रश्नहि विचारीत नाहींत. दुसऱ्या तासालाच त्यांचें डोकें दुखूं लागतें, आणि कवाइतीच्या वेळीं मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या न झाल्या तोंच त्यांस धाप लागते. प्रगतिपुस्तकावर त्यांच्या नांवापुढें "आळशी" किंवा "लक्ष नाहीं" असा शेरा पडतो. असल्या शेऱ्यांपैकीं खरोखर आळसाचे किती आणि फिकट पडलेल्या रक्ताचे किती, हें कोणी तपासून पाहील तर आम्हां शिक्षकवर्गास आपल्या शाईचा पुनर्विचार करावा लागेल. यास्तव यंदाच्या अंकांत या एका विकाराची माहिती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

या विकारास आपल्याकडे फार पूर्वींपासून पांडुरोग म्हणतात. पांडु म्हणजे पिवळट पांढरा. अलीकडे 'रक्तक्षय' हा शब्द रूढ झाला आहे, आणि दवाखान्यांत तर 'ॲनिमिया' हाच शब्द कानीं पडतो. "अंगांत रक्त कमी आहे" असें आपण बोलतों, पण तें पुरतेपणीं बरोबर नाहीं. रक्ताचें एकंदर माप बहुधा तेवढेंच असतें. कमी झालेलें असतें तें त्यांतील तांबडें द्रव्य, हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या मानाप्रमाणें शंभर मिलिलिटर रक्तांत हें द्रव्य प्रौढ पुरुषाच्या ठिकाणीं १३ ग्रॅम, स्त्रीच्या ठिकाणीं १२ ग्रॅम, व गर्भवतीच्या ठिकाणीं ११ ग्रॅम यांहून कमी भरलें, तर त्या व्यक्तीस पांडुरोग आहे असें समजावें. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठींहि १२ ग्रॅम हीच मर्यादा आहे.

आपल्या देशांत हा विकार किती पसरला आहे, याचा आंकडा वाचून मन सुन्न होतें. सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. सहा महिने ते पांच वर्षांच्या बालकांत हें प्रमाण शेंकडा ६७ होतें, आणि पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत शेंकडा ५९. पुरुषांत मात्र तें शेंकडा २५ इतकेंच होतें. बोटास टोंचून काढलेल्या एका थेंबावरून केलेली ही मोजणी किंचित् वाढीव येते असें कित्येक तज्ज्ञांचें म्हणणें आहे. तें मान्य करून आंकडा बराच खालीं आणला, तरी ज्या घरांत बाप व मुलगा धडधाकट आणि आई व मुलगी पांढरीफटक, अशीं घरें या देशांत लक्षावधि आहेत, ही गोष्ट कांहीं खोटी ठरत नाहीं.

आतां हें हिमोग्लोबिन करतें काय? फुप्फुसांत आलेल्या हवेंतील प्राणवायु उचलावा आणि मेंदू, हृदय, स्नायु यांच्या दारीं नेऊन पोंचवावा, हें त्याचें काम. हमालानें ओझें उचलावयास खांदा द्यावा, तसा या द्रव्याच्या प्रत्येक कणास लोहाच्या चार परमाणूंचा खांदा असतो. लोह नसेल तर खांदा नाहीं, व खांदा नसेल तर ओझें जागचें हलत नाहीं. मग हृदय बिचारें आहे त्याच हमालांकडून अधिक खेपा करवून घेण्यासाठीं जोरजोरानें धडधडूं लागतें. जिना चढतांना छातींत होणारी धडधड ती हीच. मेंदूस प्राणवायु अपुरा पडला कीं चक्कर येते, धडा पाठ होत नाहीं, स्वभाव चिडखोर होतो.

प्रौढ माणसाच्या देहांत सारें मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतें, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढें! त्यांतील सुमारें दोन तृतीयांश रक्तांतच असतें. तांबड्या पेशींचें आयुष्य अवघें १२० दिवसांचें. हाडांच्या मगजांत दर सेकंदास वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार होतात, आणि तितक्याच जुन्या मोडीत निघतात. या नव्या पेशींसाठीं दररोज सुमारें वीस मिलिग्रॅम लोह लागतें. परंतु शरीर मोठें काटकसरी आहे. जुनीं भांडीं वितळवून नवीं ओतणाऱ्या कांसाराप्रमाणें तें मेलेल्या पेशींतील लोह वेंचून पुन्हां कामास लावतें. बाहेरून त्याला रोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅमच घ्यावें लागतें, कारण तितकेंच रोज झिजून जातें. इतका चोख हिशेब ठेवणाऱ्या घरांत तूट येते ती दोनच कारणांनीं: एक, आंत येणारें कमी पडलें म्हणून, किंवा दुसरें, कोठें तरी गळती लागली म्हणून. आपल्या देशांतील स्त्रियांच्या वांट्यास बहुधा हीं दोन्हीं कारणें एकदमच येतात.

गळतीची गोष्ट संकोच सोडून बोलली पाहिजे. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह जातें. मासिक ऋतूंत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाणें हें स्वाभाविक आहे. म्हणजे महिन्याकाठीं पंधरा ते वीस मिलिग्रॅम लोहाचा हा जादा खर्च मुलीच्या शरीरास पुरुषापेक्षां अधिक सोसावा लागतो. कित्येकींस याच्या दुप्पट-तिप्पट रक्त जातें, आणि त्या तें कोणासहि सांगत नाहींत. शुभवर्तमानांतील ती बारा वर्षें रक्तस्रावानें पीडिलेली स्त्री आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अनेक वैद्यांच्या हातून तिनें पुष्कळ हाल सोसले, जवळचें होतें नव्हतें तें सर्व खर्चिलें, आणि शेवटीं गर्दींत मागून येऊन तिनें वस्त्राच्या कांठास स्पर्श केला, तोहि कोणास कळूं न देतां. तिच्या देहांत किती अशक्तता असेल व मनांत किती भय असेल, याची कल्पना आजच्या वैद्यकाच्या आधारें आपल्याला अधिक स्पष्टपणें करतां येते. आपल्या आळींत अशा स्त्रिया आजहि आहेत. बाळंतपणाचा खर्च तर याहून मोठा. एका गर्भारपणांत सुमारें एक हजार मिलिग्रॅम लोह लागतें. दोन बाळंतपणांत पुरेसें अंतर नसेल, तर तिजोरी भरण्यापूर्वींच पुन्हां उघडावी लागते.

दुसरी गळती जंतांची. अंकुशकृमि म्हणून एक सुमारें सेंटिमीटरभर लांबीचा कृमि असतो. तो लहान आंतड्याच्या अस्तरास दांतांनीं चिकटून रक्त पितो. उघड्यावर शौचास बसण्यानें त्याचीं अंडीं मातींत पडतात, ओलसर सावलींत त्यांतून अळ्या निघतात, आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या कातड्यांतून त्या शरीरांत शिरतात. कातड्यांतून शिरण्याचा हा मार्ग कैरो येथें आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ च्या सुमारास शोधून काढिला, तोहि अळ्या असलेलें पाणी चुकून स्वतःच्या हातावर सांडल्यामुळें! त्यापूर्वीं १८८० साली आल्प्स पर्वतांतील सेंट गॉथर्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत या कृमीमुळें पांडुरोगाची मोठी साथच उसळली होती. एक कृमि दिवसांतून थेंबभर किंवा त्याहून थोडें अधिक रक्त घेतो. पण असे शंभर-दोनशें कृमि वर्षानुवर्षें पोटांत नांदत असले, तर दूधभाकरीनें काय होणार? सन २०१५ पासून सरकारच्या वतीनें वर्षांतून दोन वेळां, बहुधा फेब्रुवारींत व ऑगस्टांत, शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी दिली जाते, ती याचसाठीं. ती चावून खावयाची असते. पायांत चपला असणें हाहि या रोगावरील एक उपायच होय, आणि तो केवळ ऐटीचा विषय नव्हे.

या विकाराच्या संशोधनांत आपल्या मुंबई शहराचें नांव कायमचें कोरलें गेलें आहे, आणि ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक नसेल. लूसी विल्स या इंग्रज बाईंचा जन्म १८८८ सालचा. केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्राचा व भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, आणि नंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंतून १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. गर्भवती स्त्रियांच्या मृत्यूचीं कारणें शोधण्याचें जें काम त्या काळीं चाललें होतें, त्यासाठीं १९२८ साली त्या मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. गिरणगांवच्या वस्तींतील गरीब बायका गर्भारपणांत एका विलक्षण पांडुरोगानें मरत होत्या. लोहाच्या कमतरतेनें तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट प्रमाणाबाहेर मोठ्या होत्या, आणि लोह देऊन त्यांस गुण येत नव्हता. कोणी म्हणत, हा जंतूंचा विकार असावा. विल्सबाईंनीं त्या बायकांच्या ताटांत काय असतें याची चौकशी मांडली. ज्या वर्गांत हा रोग फार, त्यांच्या खाण्यांत दूध, फळफळावळ व भाजीपाला जवळजवळ नाहींच, असें त्यांस आढळलें.

त्यांनीं प्रथम उंदरांवर व पुढें माकडांवर प्रयोग केले. त्या बायकांसारखाच निकस आहार दिल्यावर माकडांस तसाच पांडुरोग झाला. मग एका आजारी माकडास त्यांनीं 'मार्माइट' चारून पाहिलें. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टींत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट असा अर्क. इंग्लंडांत तो पावास लावून खातात, व तेथें तो गरिबासहि परवडतो. माकड बरें झालें! नंतर त्यांनीं तोच अर्क रोगी स्त्रियांस दिला, आणि त्याहि बऱ्या होऊं लागल्या. ही गोष्ट त्यांनीं १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केली. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें तेव्हां कळलें नव्हतें. पुष्कळ दिवस त्यास 'विल्स घटक' असेंच म्हणत. पुढें १९४१ साली अमेरिकेंत पालकाच्या पानांतून तें वेगळें काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक आम्ल असें नांव मिळालें. तें कृत्रिम रीतीनें बनविण्याचें श्रेय न्यूयॉर्कजवळील लेडर्ली प्रयोगशाळेंतील ज्या मंडळाकडे जातें, त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रांतील भीमवरम गांवीं जन्मलेले. परळच्या गरीब बायकांचा आजार, इंग्रज बाईची चिकाटी आणि तेलुगु शास्त्रज्ञाची बुद्धि यांचा हा संगम झाला, व त्याचें फळ आज प्रत्येक गर्भवतीच्या हातावर पडणाऱ्या तांबड्या गोळींत लोहाच्या जोडीस बसलें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांस हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत पांडुरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, व त्यांतील पांचवा प्रकार माती खाण्यानें होणारा आहे. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ असे पदार्थ खाण्याची अनिवार इच्छा हें लोह कमी झाल्याचें एक लक्षण आहे, असें आजचें वैद्यक म्हणतें. तेव्हां मातीमुळें पांडुरोग कीं पांडुरोगामुळें माती, याविषयीं वाद असला तरी त्या प्राचीन वैद्यांची नजर सूक्ष्म होती हें कबूल केलें पाहिजे. मूल पेन्सिल खातें म्हणून त्याच्या पाठींत धपाटा घालणाऱ्या आयांनीं धपाट्याच्या आधीं त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून आंतला रंग पाहावा.

वैद्यांचीं औषधेंहि बहुतेक लोहाचींच आहेत: लोहभस्म, मंडूर म्हणजे जुन्या लोखंडाचें कीट, नवायस लोह. नवायसांत लोहाबरोबर जीं नऊ द्रव्यें आहेत त्यांत आंवळाहि आहे व वावडिंगहि आहे. वावडिंग हें जुनें जंतनाशक होय. लोह द्यावें आणि जंत पाडावे, ही दिशा अचूक होती. युरोपांतहि अशीच वाट सांपडली होती. तेथें तरुण मुलींच्या या विकारावर सतराव्या शतकांत टॉमस सिडनहॅम लोखंडाचा कीस द्राक्षारसांत भिजवून देत असे, आणि एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील ब्लो या डॉक्टरच्या लोहाच्या गोळ्या सर्वत्र प्रसिद्ध झाल्या. परंतु आज भस्मांविषयीं एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कोणींहि पुडींत बांधून दिलेल्या भस्मांत लोह किती आहे हें समजत नाहीं, आणि बाजारांतील कांहीं भस्मांत शिसें व पारा सांपडल्याचें परदेशांतील व येथील तपासण्यांत दिसून आलें आहे. शिसें स्वतःच रक्त बिघडवितें! भस्म घ्यावयाचें असेल तर तें शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावें. जत्रेंतल्या पुडीवाल्याकडून घेऊं नये.

आतां आहार. येथें गैरसमजांचें रान माजलें आहे. बीट तांबडें, डाळिंबाचे दाणे तांबडे, म्हणून त्यांनीं रक्त वाढतें असा पुष्कळांचा समज आहे. रंगाला रंग मिळतो हा न्याय कापडास लागू पडतो, रक्तास नाहीं. शंभर ग्रॅम बिटांत एक मिलिग्रॅमहि लोह नसतें, आणि डाळिंबांत त्याहून कमी. फळें म्हणून तीं खुशाल खावीं. औषध म्हणून आजाऱ्यासाठीं पदरमोड करून आणूं नयेत. गुळाचेंहि तेंच. साखरेपेक्षां गूळ बरा यांत संशय नाहीं, पण सुपारीएवढ्या खड्यानें अर्धा मिलिग्रॅम लोह मिळालें तरी पुष्कळ.

मुख्य मुद्दा असा कीं, ताटांतलें सगळें लोह रक्तांत जात नाहीं. मांस, कलेजी, मासे यांतील लोहाचा सुमारें चौथा हिस्सा आंतडें शोषून घेतें. धान्य, डाळी, भाज्या यांतील लोहापैकीं पुष्कळदां शेंकडा पांच-दहाच. कारण धान्याच्या कोंड्यांतील फायटेट व चहांतील टॅनिन हीं त्यास धरून ठेवतात. याच्या उलट लिंबू, आंवळा, पेरू, कच्ची कैरी, टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व तें लोह मोकळें करतें, आणि शोषण दुप्पट-तिप्पट वाढूं शकतें. तेव्हां स्वयंपाकघरांत नवा खर्च न करतां करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. मोड आलेली मटकी, तीवर पिळलेलें लिंबू. बाजरीची भाकरी, जोडीला मेथीची किंवा माठाची भाजी आणि कारळ्यांची किंवा तिळाची चटणी. कोंकणांतल्या घरीं सुकट किंवा जवळा, आमसुलाच्या किंवा कैरीच्या आंबटासह. बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची जुनी चाल उत्तम आहे. अळिवांत लोह चांगलें असतें. ती चाल बाळंतिणीपुरतीच कां ठेवावी, वाढत्या मुलींना हिवाळ्यांत दोन लाडू कां देऊं नयेत, हें मात्र आम्हांस कधीं उमगलें नाहीं. मोड आणल्यानें व पीठ आंबविल्यानें फायटेट कमी होतात, सबब आंबोळी, घावन, इडली हे पदार्थहि चांगले.

लोखंडी कढई व तवा हे आपल्या आज्यांचे वैद्य होते. आंबट आमटी किंवा पालेभाजी लोखंडी कढईंत शिजविली तर कढईचें थोडें लोह अन्नांत उतरतें. अॅल्युमिनियमचीं व गुळगुळीत लेपाचीं भांडीं आल्यापासून तें बंद पडलें. भाजी किंचित् काळवंडते म्हणून नाक मुरडूं नये. शिजल्यावर मात्र ती कढईंत तशीच ठेवूं नये, दुसऱ्या भांड्यांत काढावी, म्हणजे चव बिघडत नाहीं.

आणि चहा! जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या घेतलेला एक पेला चहा त्या जेवणांतील लोहाचें शोषण निम्म्याहून अधिक घटवितो. वसतिगृहांत सकाळीं चहांत भाकरी बुडवून खाऊन शाळेंत येणारीं मुलें आम्ही रोज पाहतों. भाकरी व चहा यांत एक-दोन तासांचें अंतर ठेवावें, एवढेंच मागणें आहे. चहा अजिबात सोडा असें सांगितलें तर आमचें कोणी ऐकणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

बाजरीची एक नवलाची हकीकत येथें सांगितली पाहिजे. साध्या बाजरीपेक्षां अधिक लोह असलेलें 'धनशक्ति' नांवाचें वाण हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेंतील संशोधनांतून निघालें, आणि २०१४ साली तें साऱ्या देशासाठीं जाहीर झालें. आपल्या महाराष्ट्रांतील बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींस या बाजरीच्या भाकरी व शेव रोज देऊन जो प्रयोग झाला, त्याचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरांत लोह कमी होतें त्यांचा सांठा अवघ्या चार महिन्यांत वाढला. भाकरींत औषध पेरण्याचा हा मार्ग आम्हांस फार आशेचा वाटतो, कारण भाकरी खाण्याची आठवण कोणास करून द्यावी लागत नाहीं.

तथापि ताटांत काय आहे यापेक्षां ताट कोणाचें व केव्हांचें, ही बाब कांहीं घरांत अधिक महत्त्वाची असते. पुरुष व मुलगे जेवल्यावर उरलेल्या कालवणावर आई व लेक जेवतात. भाकरी त्यांनाहि मिळते. भाजी, डाळ, मासा संपलेला असतो. आमच्या ख्रिस्ती घरांतूनहि ही रीत समूळ गेली आहे असें म्हणवत नाहीं. प्रभूच्या मेजाभोंवतीं सारीं सारखीं बसतात. त्याच दिवशीं दुपारीं घरच्या पानावर मात्र लेकीच्या वाट्यास रस्सा येतो व तुकडा मुलाच्या.

एकदां पांडुरोग जडला, म्हणजे केवळ आहारानें तो भरून निघण्यास फार काळ लागतो. तेथें गोळीच पाहिजे. परंतु गोळीपूर्वीं रक्ताची तपासणी व्हावी, कारण सर्वच पांडुरोग लोहाच्या अभावाचे नसतात. निव्वळ शाकाहारी माणसांत, त्यांतून दूधहि बेताचेंच घेणाऱ्यांत, ब-१२ हें जीवनसत्त्व कमी पडून पांडुरोग होतो. त्यांत पायांस मुंग्या येतात व तोल जातो. अशा रोग्यास नुसतें फोलिक आम्ल दिलें तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें आणि ज्ञानतंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. आणखी एक प्रकार आनुवंशिक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या भागांतील कित्येक आदिवासी व इतरहि कुटुंबांत सिकल सेल नांवाचा विकार आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात, लवकर मोडतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१० साली या पेशींचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. आईबाप दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक. अशा मुलाच्या सांध्यांतील वेदनांस वात समजून किंवा करणी समजून वर्षें दवडूं नयेत. १ जुलै २०२३ रोजीं भारत सरकारनें या विकाराच्या निर्मूलनासाठीं मोहीम सुरू केली असून सरकारी दवाखान्यांत त्याची चांचणी होते. या रोग्यांस लोहाच्या गोळ्या तपासणीवांचून देऊं नयेत.

आतां शाळेंतील निळ्या गोळीविषयीं. सहावीपासून पुढील मुलामुलींस आठवड्यांतून एकदां जी निळी गोळी सरकारी योजनेंतून मिळते, तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतें. लहान मुलांची गोळी गुलाबी असते व तींत प्रमाण कमी. ही गोळी रोग टाळण्यासाठीं आहे. रोग जडल्यावर डॉक्टर सांगतील त्या प्रमाणांत ती अधिक वेळां घ्यावी लागते. तिच्याविषयीं नाना प्रकारच्या वावड्या उठतात. ती घेतल्यानें शौचास काळें होतें, हें खरें आहे. न शोषलेलें लोह बाहेर पडतें, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. कांहींच्या पोटांत मळमळतें, हेंहि खरें. म्हणूनच ती उपाशीपोटीं न देतां मध्यान्हीच्या जेवणानंतर देतात. तिनें मुलींस पुढें मुलें होत नाहींत, ही मात्र निव्वळ थाप आहे. ती थाप खरी मानून गोळी खिडकींतून बाहेर टाकणारी मुलगी आपलेंच नुकसान करून घेते.

रोगी माणसानें गोळी रोज घ्यावी कीं दिवसाआड, याविषयीं अलीकडे नवी माहिती हातीं आली आहे. आपलें यकृत हेप्सिडिन नांवाचें एक द्रव्य रक्तांत सोडतें. लोहाचा मोठा डोस पोटांत गेला कीं तें वाढतें आणि सुमारें एक दिवसपर्यंत आंतड्याचें दार अर्धवट लावून घेतें. त्यामुळें सौम्य विकारांत दिवसाआड घेतलेली गोळी अधिक चांगली शोषली जाते व पोटासहि कमी त्रास होतो, असें कांहीं प्रयोगांत दिसलें आहे. कोणास कोणती रीत योग्य हें डॉक्टरांनींच ठरवावें. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेणें उत्तम. दूध, चहा किंवा चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी हीं तिच्याबरोबर घेऊं नयेत.

गोळ्या सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनें वाढलें पाहिजे. न वाढलें तर गोळी खरोखर पोटांत जाते कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि मग गळतीचा शोध घ्यावा: जंत, मूळव्याध, जठरांतील व्रण, मासिक अतिस्राव. रक्त पुरें भरल्यावरहि आणखी सुमारें तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण तोंवर यकृतांतील व मगजांतील कोठार रिकामेंच असतें. बहुतेक मंडळी येथेंच फसतात. धाप थांबली, गालांवर रंग आला, कीं बाटली फळीवर जाते. चालतां न येण्याइतकी धाप, पायांस सूज, किंवा गर्भवतीस सात ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असेल, तर गोळ्यांची वाट न पाहतां मोठ्या दवाखान्यांत जावें. तेथें शिरेंतून लोह किंवा जरूर तर रक्तच देतात.

आणि ती बाटली ज्या फळीवर ठेवावयाची, ती उंच असावी. गोळ्या रंगीत व गोड पुटाच्या असल्यामुळें लहान भावंडांस त्या खाऊसारख्या वाटतात, व मूठभर लोह दोन-तीन वर्षांच्या मुलाचा प्राण घेऊं शकतें. तसें कांहीं घडल्याचा संशय जरी आला, तरी ओकारी झाली म्हणून निर्धास्त न राहतां, बाटलीसकट मुलास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.